पुतळ्यांच्या बदल्या

बँकेतल्या कारकुनाला जगात दोनच गोष्टींचे भय असते. एक, संध्याकाळी कॅश न जुळण्याचे आणि दुसरे, बदलीचे. पैकी कॅश कधी ना कधी जुळते. पन्नासाची नोट खणाच्या फटीत अडकलेली असते आणि ती शिपायालाच सापडते, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. बदलीचे तसे नाही. ती येते आणि माणसाला बिऱ्हाडासकट उचलून नेते. म्हणून मी प्रमोशनच्या वाटेला कधी गेलो नाही. साहेब झाले की बँक साहेबांना देश दाखवते. मला कळमनुरी पुरते.

पण कळमनुरीत ठाण मांडून बसले म्हणजे बदली टळते, हाही भ्रमच. मी जन्मलो परभणी जिल्ह्यात. १ मे १९९९ रोजी सकाळी उठलो तो हिंगोली जिल्ह्यात होतो. घर तेच, ओटा तोच, ओट्यावरचे कुत्रेही तेच. फक्त जिल्हा बदलला. आमच्या अण्णांची कथा तर याहून थोर. ते जन्मले निजामाच्या राज्यात, पाटीवर अक्षरे गिरवली हैदराबाद राज्यात, मॅट्रिक झाले मुंबई राज्यात आणि मास्तरकीला लागले महाराष्ट्रात. एवढा प्रवास करून माणूस दमला असेल असे वाटेल; पण या सगळ्या काळात अण्णा कयाधू नदीच्या पलीकडे फारसे कधी गेले नव्हते.

तेव्हा बदली न होणारी नोकरी जगात एकच, अशी माझी समजूत होती, ती म्हणजे पुतळ्याची. चौकात उभे राहायचे, एक हात वर करायचा, वर्षातून दोनदा हार घ्यायचा. निवृत्ती नाही, हजेरीपट नाही, ऑडिट नाही. कावळ्यांचा काय तो उपद्रव. पण तो काउंटरवर आम्हालाही असतोच. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध दहावीलाच सुटला, म्हणून ही समजूत पुष्कळ वर्षे टिकली. ती सुटली ती अण्णांमुळे.

अण्णांचे दैवत राम गणेश गडकरी. शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपतीच्या मांडवात, एकदा तर एका लग्नाच्या मांडवात नवरदेवाची वरात पोचेपर्यंत त्यांनी 'एकच प्याला'तला सुधाकर केला होता. (त्या लग्नातली मुलीकडची मंडळी नंतर बरीच वर्षे आमच्याशी बोलत नव्हती. दारुड्याचे भाषण, आणि तेही सोयऱ्यांसमोर!) ज्या माणसाने आयुष्यात सोड्याची बाटलीसुद्धा फोडली नाही त्याने दारुड्याचे काम इतके जीव तोडून का करावे, हे आईला शेवटपर्यंत समजले नाही. गडकरी अवघी तेहतीस वर्षे जगले. १८८५ साली जन्मले, १९१९ च्या जानेवारीत विदर्भात सावनेरला गेले. एवढ्यात त्यांनी नाटके लिहिली, 'गोविंदाग्रज' या नावाने कविता केल्या आणि 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहिले. "तू तेहतीस वर्षांचा झालास तेव्हा काय केलंस?" असे अण्णांनी मला एकदा विचारले होते. मी त्या वर्षी गृहकर्जाचा अर्ज केला होता. मी गप्प बसलो.

तर पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर, मुठेच्या काठाला, संभाजी उद्यानात गडकऱ्यांचा अर्धपुतळा होता. १९६२ साली बसवलेला. तो एकदा पाहायचा, त्याच्यासमोर उभे राहायचे, ही अण्णांची इच्छा. काशी नको, रामेश्वर नको. औंढा नागनाथ पंचक्रोशीतच असल्यामुळे ज्योतिर्लिंगाचा प्रश्न घरच्या घरी मिटला होता. राहिले होते ते एवढेच. मीही दर वर्षी म्हणायचो, "अण्णा, यंदा नक्की." बँकेत 'यंदा नक्की' म्हणणारे कर्जदार मी रोज पाहतो. त्यांचे पुढे काय होते तेही मला ठाऊक आहे.

अखेर २०१६ साली, अण्णांना पंचाहत्तरावे लागले तेव्हा, मी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याची रजा टाकली. नांदेडहून रात्रीच्या गाडीची तिकिटे काढली. आणि ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा गेल्या. पुढचे पन्नास दिवस बँकेतल्या माणसाला रजा म्हणजे काय हेही आठवत नव्हते. माझ्या काउंटरपुढची रांग शाखेच्या पायऱ्या उतरून पानटपरीला वळसा घालून जात होती. मी नोटा मोजत होतो आणि मनातल्या मनात अण्णांना तारीख देत होतो. नोटा भरायची मुदत ३० डिसेंबरला संपली. जानेवारीच्या पहिल्या तारखेला मी घरी जाऊन म्हटले, "अण्णा, आता कुणाच्या बापाचं ऐकत नाही. निघायचं."

३ जानेवारी २०१७ च्या पहाटे गडकऱ्यांचा पुतळा चौथऱ्यावरून उखडून मुठेत फेकला गेला.

पेपर अण्णांनीच आधी वाचला. संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी ही जबाबदारी घेतली होती. 'राजसंन्यास' या नाटकात संभाजीमहाराजांचे जे चित्र आहे, त्यावर त्यांचा राग होता. नाटक गडकऱ्यांच्या हातून अपुरेच राहिले होते. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बातमी दुसऱ्यांदा वाचली. मग म्हणाले, "नाटक पटलं नाही तर उठून जावं माणसानं. नाहीतर दुसरं नाटक लिहावं. मी नसतं का काम केलं त्यात?" एवढेच. मी तिकिटे रद्द करतो म्हणालो, तर म्हणाले, "कशाला? चौथरा असेल की. चौथऱ्याला भेटून येऊ."

आता मला सांगा, चौथऱ्याला भेटायला जाणाऱ्या माणसाला रजेच्या अर्जात कारण काय लिहावे? मी 'घरगुती अडचण' असे लिहिले. ते खोटे नव्हते.

निघायच्या आधीचे तीन आठवडे अण्णांनी ग्रंथालयातून आणि कुठून कुठून पुस्तके जमवून पुतळ्यांचा इतिहास खणून काढला. रोज जेवताना मला एक पुतळा वाढला जाई. त्यातून जे कळले ते असे की, पुतळ्यांची नोकरी आमच्या नोकरीपेक्षा फार वाईट आहे. कारकुनाची बदली होते, निलंबन होते. पण त्याला कुणी डांबर फासत नाही.

उदाहरणार्थ, व्हिक्टोरिया राणी. मुंबईच्या कोटात तिचा संगमरवरी पुतळा बसला तो १८७२ साली. मॅथ्यू नोबल या इंग्रजाने घडवलेला आणि बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या खर्चाने झालेला. म्हणजे राणी तिकडची, शिल्पकार तिकडचा आणि बिल इकडचे. १८९६ च्या ऑक्टोबरात एका रात्री तिच्या तोंडाला डांबर फासले गेले आणि गळ्यात जोड्यांची माळ पडली. हे काम आपले, हे दामोदर चाफेकरांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. सरकारपुढे खरा पेच पडला तो डांबर काढायचे कसे हा. काही केल्या डाग निघेना. शेवटी त्रिभुवनदास गज्जर नावाचे रसायनशास्त्राचे एक देशी प्राध्यापक पुढे आले आणि त्यांनी राणीचा चेहरा साफ करून दाखवला. सम्राज्ञीच्या तोंडाला काळे आपल्याच माणसाने फासावे आणि ते आपल्याच माणसाने धुवावे, हे आम्हा बँकवाल्यांना चटकन समजते. जमा आणि नावे, दोन्ही बाजू जुळल्या.

पुढे १९६५ च्या सुमारास मुंबईतल्या राजाराण्यांची सरसकट बदली झाली, भायखळ्याला. तिथली राणीची बाग म्हणजे आजचे जिजामाता उद्यान. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही त्याच हुकमात गेला. १८७९ साली बसवलेला आणि अल्बर्ट ससूनने दिलेला. घोडा गेला, पण चौकाचे नाव 'काळा घोडा' ते काळा घोडाच राहिले. पन्नासाहून जास्त वर्षे लोक एकमेकांना काळ्या घोड्यापाशी भेटत होते आणि तिथे घोडा नव्हता. शेवटी २०१७ साली नवा काळा घोडा बसवला, तो विनास्वाराचा! म्हणजे ज्या वर्षी पुण्यात चौथरा राहिला आणि माणूस गेला, त्याच वर्षी मुंबईत घोडा आला आणि माणूस गाळला गेला. अण्णा असते तर यावर एखादा प्रवेश लिहून मोकळे झाले असते.

आमच्या भागात हा सगळा प्रकार नव्हता. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली. कळमनुरीला इंग्रज लॉर्डाचा पुतळा बसवावा, असे कुणाच्या मनातही आले नसणार. त्यामुळे फासायलाही काही नव्हते आणि पुसायलाही काही नव्हते. आमच्याकडे गोळा होऊन बघावे असे दगडी काम म्हणजे औंढ्याचे. नागनाथाच्या देवळाच्या खालच्या अंगाला भोवताली मूर्तीच मूर्ती. वरचा भाग मागाहून चुन्याविटांत बांधलेला. यादवांच्या काळातल्या त्या मूर्तींपैकी कित्येकांची नाके गेली आहेत, हात गेले आहेत. पण त्या घडवणाऱ्यांपैकी एकाचे नाव कुणाला सांगता येत नाही. त्यांचा ना सत्कार झाला ना त्यांच्याबद्दल वाद झाला. अण्णा शाळेची सहल दर वर्षी तिथेच नेत आणि मुलांना सांगत, "नाक नसलं म्हणून हसू नका. आठशे वर्षं उभं राहून बघा, मग तुमचं नाक राहतं का ते सांगा."

अशा रीतीने पुरेसा अभ्यास करून आम्ही फेब्रुवारीत पुण्याला उतरलो आणि माझ्या साडूकडे मुक्काम केला. साडू म्हणाले, "सारसबाग दाखवतो, शनिवारवाडा दाखवतो." अण्णा म्हणाले, "आधी कर्मरकरांचे महाराज."

आता इथे जरा थांबून पुण्याच्या या भागाबद्दल सांगितले पाहिजे. आज ज्याला शिवाजीनगर म्हणतात ते मूळचे भांबुर्डे, मुठेपलीकडचे खेडे. जुने पुणे नदीच्या अलीकडे, आणि पलीकडे शेते नि बाभळी. तिथे शिवाजीमहाराजांचे स्मारक करायचे ठरले ते कोल्हापूरच्या शाहूमहाराजांच्या पुढाकाराने. पायाचा दगड १९२१ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून बसला. पुढच्याच वर्षी शाहूमहाराज गेले. काम रेंगाळले, आणि अखेर ते आले अलिबागजवळच्या सासवणे गावच्या विनायक पांडुरंग कर्मरकरांकडे. या कर्मरकरांची गोष्ट अण्णांना फार आवडायची, कारण तीत एक मास्तरी समाधान आहे. घरात गणपती घडवायचे काम. पोराने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजीमहाराजांचे चित्र काढले. ते ओटो रॉथफील्ड नावाच्या इंग्रज कलेक्टरच्या नजरेला पडले आणि त्याने पोराला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये धाडले. सगळ्या कलेक्टरांनी गावातल्या भिंतींकडे असे पाहिले असते, तर आज प्रत्येक पानटपरीमागून एकेक चित्रकार निघाला असता.

कर्मरकरांनी घोड्यावरचे महाराज केले ते साडेतेरा फूट उंचीचे. जोडकाम नाही, तुकडे नाहीत; माझगावच्या गोदीत एका दमात ओतलेले. असा पुतळा ओतायचा म्हणजे आधी मातीत घडवायचा, त्याचा साचा घ्यायचा आणि मग त्या साच्यात वितळलेला धातू सोडायचा. मध्येच हात थांबला की सगळी मेहनत वाया. म्हणजे कॅश जुळवण्यासारखेच, फक्त दहा हजारपट गरम. पुतळा रेल्वेने पुण्याला आला आणि जून १९२८ मध्ये त्याचे अनावरण झाले मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते.

हे नाव लक्षात ठेवा. कारण याच विल्सनसाहेबांचा एक पुतळा पुढे पंचगंगाकाठी, कोल्हापूर शहरात उभा राहिला. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हवीरे या दोघींनी जाऊन तो विद्रूप केला. १९४४ साली तो साफच फुटला. त्या जागी काय बसवायचे? भालजी पेंढारकरांनी पुढाकार घेतला, बाबूराव पेंटरांनी शिवाजीमहाराजांचा अर्धपुतळा घडवला, आणि १९४५ साली विल्सनच्या जागी महाराज बसले. ज्याने पुण्यात महाराजांवरचा पडदा ओढला, त्याच्याच जागी कोल्हापुरात महाराज! बदलीच्या ऑर्डरीत चार्ज कोणाकडून घ्यावा याचे एक कलम असते. इतका चोख चार्ज मी दुसरीकडे पाहिला नाही.

त्याच कोल्हापुरात १९५० च्या डिसेंबरात बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले. आंबेडकर तेव्हा हयात होते. म्हणजे पुतळा माणसाच्या आधीही येऊ शकतो. आमच्याकडे तो बहुधा पैशांच्या आधी येतो. आमच्या शाखेत एका गावच्या पुतळा समितीचे खाते होते. खाते तिघांच्या सहीने चालायचे आणि तिघांचे एकमेकांशी पटत नव्हते. पुतळा बसवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मातीचा नमुना कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. हे तर पुढचेच. यांची पहिली सहीच पडेना. दहा वर्षे व्यवहार झाला नाही, आणि नियमाप्रमाणे रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत गेली. परत मागता येते. पण मागायलाही तिघांच्या सह्या लागतात. तो घोडा अजून मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या तबेल्यात उभा आहे.

असो. महाराजांचा पुतळा पाहताना अण्णांनी त्याला तीन प्रदक्षिणा घातल्या. घोड्याच्या पायाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बघ, पळत नाही, उड्या मारत नाही. चालतोय. ज्याला ठाऊक आहे कुठं जायचंय, तो उड्या मारत नाही." मग संध्याकाळी आम्ही संभाजी उद्यानात गेलो.

शेजारी बालगंधर्व रंगमंदिर. पहिल्या 'एकच प्याला'तली सिंधू बालगंधर्वांनी केली होती, तेव्हा शेजार योग्यच म्हणायचा. बाहेर चौकात झाशीची राणी घोड्यावर. आत पोरे पळत होती, भेळ चालली होती, आणि एका बाजूला तो चौथरा होता. रिकामा. वरच्या भागावर पुतळा जिथून उखडला होता तिथे ओबडधोबड खूण. मला वाटले, अण्णा आता रडणार. मी रुमाल हातात काढून ठेवला.

अण्णांनी चपला काढल्या. हात जोडले. थोडा वेळ नदीच्या बाजूला पाहिले आणि म्हणाले, "गणपतीसुद्धा आपण नदीतच सोडतो. पण वाजतगाजत सोडतो रे. पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो." मग घसा साफ केला आणि पंचाहत्तर वर्षांच्या त्या माणसाने रिकाम्या चौथऱ्यासमोर सुधाकराचे भाषण सुरू केले. मोठ्याने. हातवाऱ्यांसकट. पाय अडखळताहेत, जीभ जड झाली आहे, डोळे लाल. पोरे पळायची थांबली. भेळवाल्या बाईने बाळाला जवळ ओढले.

तेवढ्यात बागेचा रखवालदार धावत आला. "आजोबा! ओ आजोबा! इथं पिऊन यायला मनाई आहे!" मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, "लेक का तुम्ही? म्हाताऱ्या माणसाला एवढी पाजू नये हो."

मी खुलासा करणार, तोच अण्णांनी माझा दंड धरला. त्यांचा चेहरा उजळला होता. पन्नास वर्षांत स्नेहसंमेलनातल्या टाळ्या, तालुक्याची ढाल, सरपंचाच्या हातचा नारळ, सगळे मिळाले होते; पण ही दाद कधी मिळाली नव्हती. त्यांनी आणखी एक झोकांडी दिली आणि माझ्या खांद्यावर रेलत फाटकापर्यंत त्याच चालीने आले. बाहेर पडल्यावर ताठ उभे राहिले, चपलांचे अंगठे नीट केले आणि म्हणाले, "बघितलं ना? ज्याचा पुतळा काढला, त्याचं नाटक अजून रखवालदाराला खरं वाटतं."

रिक्षात मी म्हटले, "अण्णा, नोव्हेंबरात आलो असतो तर पुतळा बघायला मिळाला असता. माझ्यामुळे राहिलं." ते खिडकीबाहेर बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "पुतळा असता तर मी नमस्कार करून परत आलो असतो. भाषण केलं नसतं." मला अजूनही कळलेले नाही की हे त्यांना खरेच वाटत होते, की माझ्यासाठी म्हणाले. मास्तर लोक नापास मुलालाही पुढच्या वर्गात ढकलतात, हे मला ठाऊक आहे.

अण्णांना जाऊन आता काही वर्षे झाली. त्या संध्याकाळी मी मोबाईलवर त्यांचा एक फोटो घेतला होता. हात जोडलेले अण्णा आणि पुढे तो चौथरा. तो मी मोठा करून, चौकट बसवून बैठकीत लावला. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, दुसरा चांगला फोटो नव्हता का? ह्यात अण्णा कुणाच्या पाया पडताहेत तेच दिसत नाही." येणारेजाणारेही हेच विचारतात. परवा बँकेचे नवे मॅनेजर चहाला आले. त्यांनी फोटो जवळून पाहिला, चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "वडिलांच्या समोर हे कोण?"

मी म्हटले, "राम गणेश गडकरी. सध्या रजेवर आहेत."

साहेबांनी मान डोलावली. म्हणाले, "मंजूर आहे ना?"